दादाजानचा रेडिओ

(रेडिओवर आपल्याला हवा तो कार्यक्रम कसा सापडतो? बटण दाबले की यंत्र तो शोधून देते का? धुळ्यातील एका मुलीने आपल्या घरी घडलेली गोष्ट या पाठात सांगितली आहे. पाठ वाचताना कार्यक्रमाची ‘खूण’ कोण लावते, इकडे लक्ष द्या.)

ही साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सातवीत होते. आम्ही धुळ्यात राहत होतो. घरात अम्मी, अब्बा, भाईजान, मी आणि दादाजान अशी पाच माणसे होती. चाचा मात्र गावी राहत. पांझरा नदीच्या काठी आमची थोडी जमीन होती. ती चाचा कसत असत.

दादाजानना काचबिंदू झाला होता. त्यांची नजर हळूहळू गेली. वर्तमानपत्र वाचणे बंद झाले. मशिदीत जायलाही कोणाचा तरी हात धरावा लागे. पण एक काम ते कोणाच्याही मदतीशिवाय करत. ते म्हणजे रेडिओ लावणे.

त्यांच्याजवळ एक जुना ट्रान्झिस्टर होता. केंद्र लावण्याच्या चाकावर त्यांनी चाकूने एक बारीक खाच पाडली होती. चाक फिरवता फिरवता खाच अंगठ्याखाली आली की जळगाव केंद्र लागे. आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले. तेव्हापासून दादाजान त्याचे श्रोते होते. शेतीची माहिती, बाजारभाव, अहिराणी गाणी, बातम्या, असे सगळे ते ऐकत. कोणता कार्यक्रम किती वाजता लागतो, हे त्यांना तोंडपाठ होते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आमची शाळेची तयारी सुरू होई. आमच्या गल्लीतील बायका तर त्यांच्या रेडिओवरून वेळ ओळखत.

दादाजान कधी कधी जुन्या आठवणी सांगत. “आमच्या तरुणपणी घरोघरी रेडिओ नव्हता. चहाच्या हॉटेलात असायचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानींचा तो आवाज! दर बुधवारी रात्री आठ वाजता हॉटेलात बसायला जागा मिळत नसे. कार्यक्रम शोधावा लागत नव्हता. बुधवार आणि आठ, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की झाले.”

“आणि तुम्ही ज्यांचे विनोदी लेख उर्दूच्या पुस्तकात वाचता ना, ते पतरस बुखारी,” ते पुढे म्हणत, “ते १९४० ते १९४७ या काळात ऑल इंडिया रेडिओचे सर्वांत मोठे अधिकारी होते.”

हे ऐकून मला फार नवल वाटे.

दादाजान रेडिओ केवळ करमणुकीसाठी ऐकत नव्हते. संध्याकाळी हवामानाचा अंदाज ऐकला की ते अब्बांना सांगत, “गावी फोन लाव.” गावातील किराणा दुकानात टेलिफोन होता. दुकानदार चाचांना निरोप देई. उद्या पाऊस येण्याचा संभव असला, तर चाचा वेचलेला कापूस घरात घेत. कापूस भिजला की पिवळा पडतो. मग व्यापारी त्याला भाव देत नाही. म्हणून वेचणीच्या हंगामात दादाजान हवामानाचा अंदाज एकही दिवस चुकवत नसत.

एके दिवशी ट्रान्झिस्टर खाटेवरून खाली पडला आणि मुका झाला. अब्बांनी तो आग्रा रोडजवळच्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. दुकानातील काका म्हणाले, “आतला एक भाग तुटला आहे. तो मुंबईहून मागवावा लागेल. आठ दिवस लागतील.”

दादाजान काही बोलले नाहीत. पण त्यांचा हात सारखा उशीजवळ जाई आणि रिकामाच परत येई.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मामूजान दुबईहून आले. त्यांनी आमच्यासाठी मोठा स्टिरिओ आणला. दोन उंच स्पीकर, मध्ये काळे चकचकीत यंत्र आणि त्यावर हिरव्या अक्षरांचा पडदा! शेजारपाजारची मुले तो बघायला आली. भाईजानने माहितीपुस्तिका उघडली. तो दहावीत होता. त्याला इंग्रजी बरे येत असे.

वाचता वाचता तो आनंदाने ओरडला, “दादाजान, आता तुम्हांला वेळ लक्षात ठेवायला नको! केंद्राचा आकडाही नको! या यंत्रावर पी.टी.वाय. नावाचे बटण आहे. पी.टी.वाय. म्हणजे प्रोग्रॅम टाइप, कार्यक्रमाचा प्रकार. बातम्या, खेळ, हवामान, लोकसंगीत, जे हवे ते निवडायचे. यंत्र आपोआप तसे केंद्र शोधून लावते!”

“असे?” दादाजान सरसावून बसले. “मग हवामान लाव बेटा. अंदाजाची वेळ झालीच आहे.”

भाईजानने बटण दाबले. पडद्यावर एकेक प्रकार येऊ लागला. त्याने ‘हवामान’ निवडले आणि पुन्हा बटण दाबले. पडद्यावरचे आकडे पळू लागले. ८७.५ पासून थेट १०८ पर्यंत ते धावत गेले. कोठेच थांबले नाहीत. मग पडद्यावर ‘नॉट फाउंड’ अशी अक्षरे आली. म्हणजे, सापडले नाही.

“बातम्या बघ,” अब्बा म्हणाले. बातम्याही सापडल्या नाहीत.

“लोकसंगीत बघ,” मी म्हणाले. पुन्हा आकडे पळाले. पुन्हा तेच उत्तर आले.

तेवढ्यात मामूजाननी हाताने एक केंद्र लावून पाहिले. आश्चर्य असे, की त्या केंद्रावर छान लोकगीत चालू होते! ढोलकी स्पष्ट ऐकू येत होती. आम्ही पुन्हा लोकसंगीताचे बटण दाबले. यंत्र त्याच केंद्रावरून पुढे निघून गेले. जणू त्याला ढोलकी ऐकूच आली नाही.

“जळगाव केंद्र तरी लाव,” दादाजान म्हणाले. भाईजानने ए.एम. पट्टा लावला. नुसती खरखर ऐकू आली. आकडेही विचित्र होते. ९५०, ९६०, ९७० असे ते पुढे जात. जळगाव केंद्र ९६३ वर लागत असे. पण ९६३ हा आकडा त्या यंत्रात येतच नव्हता.

या खटपटीत तासभर गेला. अंदाजाची वेळ कधीच टळून गेली होती. त्या रात्री गावी फोन झाला नाही. आमच्यापैकी कोणालाच त्याची आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. संध्याकाळी चाचांचा फोन आला. अंगणात पसरलेला तीन दिवसांचा कापूस भिजला होता. चाचा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “दादाजानची तब्येत बरी आहे ना? काल निरोप आला नाही, म्हणून मी समजलो, पाऊस नाही.”

अब्बांनी हे दादाजानना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “रेडिओ घरात नव्हता असे नाही. इतका मोठा रेडिओ घरात होता.”

मला फार वाईट वाटले. मी रात्रभर विचार करत होते. लोकगीत चालू असताना यंत्राला लोकगीत का सापडले नाही?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाईजानला घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. आम्ही त्यांना सगळी हकिकत सांगितली. माहितीपुस्तिकाही दाखवली. काकांनी चष्मा लावला आणि ती वाचली. मग ते हसून म्हणाले, “बाळ, तुला वाटते, यंत्र गाणे ऐकते आणि हे लोकगीत आहे असे ओळखते. खरे ना?”

“हो काका.”

“तसे नाही. यंत्राला गाण्यातले काही कळत नाही. समोरच्या किराणा दुकानात बघ. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. ‘साखर’, ‘मीठ’, ‘रवा’. नवा नोकर डबा उघडत नाही. तो चिठ्ठी वाचतो आणि डबा काढून देतो. आता कोणी चिठ्ठ्याच लावल्या नाहीत तर?”

“तर त्याला साखर सापडणार नाही,” मी म्हणाले.

“साखर समोर असली तरी सापडणार नाही. तुमच्या स्टिरिओचे तसेच झाले. रेडिओ केंद्राने गाण्याबरोबर एक खूण पाठवावी लागते. या पद्धतीला आर.डी.एस. म्हणतात. म्हणजे रेडिओ डेटा सिस्टिम. ती युरोपात तयार झाली. १९८४ साली तेथील प्रसारण संस्थांच्या संघाने तिचे नियम ठरवले. ती मुख्यतः मोटारीतील रेडिओसाठी होती. गाडी चालवणाऱ्याला चाक फिरवत बसता येत नाही. म्हणून केंद्राचे नाव आठ अक्षरांत पडद्यावर यावे, कार्यक्रमाचा प्रकार कळावा, अशी सोय केली.”

“पण ती खूण आपल्याला ऐकू का येत नाही?” भाईजानने विचारले.

“चांगला प्रश्न विचारलास. आवाजाची कंपने सेकंदाला सुमारे वीस हजारांच्या पुढे गेली की माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाहीत. ही खूण सेकंदाला सत्तावन्न हजार कंपनांच्या लहरीवर बसवलेली असते. एफ.एम. प्रसारणात गाण्याच्या वर एवढी मोकळी जागा असते. गाणे खालून जाते, खूण वरून जाते. कान गाणे ऐकतो, यंत्र खूण वाचते.”

काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला पाच वर्तुळे काढली. “हे पाच दिवे समज. प्रत्येक दिवा पेटलेला असेल किंवा विझलेला असेल. असे किती प्रकार होतील?”

मी बोटांवर मोजले. “दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. बत्तीस काका!”

“शाबास! म्हणून कार्यक्रमांचे आकडे शून्य ते एकतीस असे बत्तीस आहेत. आकडा १ म्हणजे बातम्या. ४ म्हणजे खेळ. ५ म्हणजे शिक्षण. १६ म्हणजे हवामान. १८ म्हणजे मुलांचे कार्यक्रम. २८ म्हणजे लोकसंगीत. ३१ हा आकडा संकटाच्या सूचनेसाठी राखून ठेवला आहे. केंद्र आपला आकडा सेकंदातून अकरा वेळा पाठवत राहते. शून्य म्हणजे काहीच ठरवलेले नाही.”

“हे आकडे सगळ्या जगात सारखेच असतात का?” मी विचारले.

“नाही. अमेरिकेने आपली वेगळी यादी केली. तेथे ५ म्हणजे शिक्षण नव्हे, तर रॉक संगीत! म्हणजे युरोपची यादी असलेला रेडिओ अमेरिकेत नेला आणि ‘शिक्षण’ निवडले, तर तो गिटार वाजवणारे केंद्र काढून देईल.”

आम्ही दोघेही हसलो.

मला एकदम आठवले. काल दादाजान म्हणाले होते, “कव्वाली कोणत्या आकड्यात येते, बघ बरे.” यादीत पॉप होते, रॉक होते, जॅझही होते. कव्वाली नव्हती, अभंग नव्हता, भारूड नव्हते. मी काकांना हे सांगितले.

“कशी असणार?” काका म्हणाले. “ज्यांनी यादी केली, त्यांनी आपल्या घरातली गाणी डोळ्यांपुढे ठेवली. आपण केली असती, तर आपली ठेवली असती.”

“मग हे बटण खोटे आहे का?”

“खोटे नाही बाळ. खूण पाठवणारा असेल, तर ते चांगले काम करते. पण केंद्रात बसलेल्या माणसाने कार्यक्रम बदलला की आकडाही बदलला पाहिजे. काही ठिकाणी एकच आकडा दिवसभर ठेवून देतात. मग बटण बातम्यांचे दाबले आणि लागले गाणे, असेही होते. आपल्या भागात तर सध्या ही खूण कोणी पाठवताना मला आढळले नाही. शिवाय ती फक्त एफ.एम.वर चालते. धुळे केंद्र एफ.एम.वर आहे, १००.५ वर. पण जळगाव केंद्र मध्यम लहरीवर आहे, ९६३ वर. तेथे हे बटण उपयोगाचे नाही.”

“पण ९६३ आमच्या यंत्रात येतच नाही,” भाईजान म्हणाला.

काकांनी पुस्तिकेचे शेवटचे पान उघडले. “हे बघ. अमेरिकेत मध्यम लहरीची केंद्रे दहा-दहाच्या अंतरावर असतात. आपल्याकडे ती नऊ-नऊच्या अंतरावर असतात. आपला पट्टा ५३१ पासून सुरू होतो. आता नऊ-नऊ मिळवत जा.”

भाईजानने कागदावर गणित केले. “नऊ अठ्ठेचाळीस चारशे बत्तीस. ५३१ आणि ४३२ मिळून ९६३! आले!”

“तुमचे यंत्र दहाच्या अंतरावर ठेवलेले आहे. पाठीमागे एक छोटी कळ असेल. ती नऊवर सरकवा. आणि एक सांगा, खोक्यात तारेची एक चौकट होती का?”

“होती,” मी म्हणाले. “आम्हांला वाटले, ती पॅकिंगची असेल. ती खोक्यातच आहे.”

“तीच तर मध्यम लहरीची एरियल! ती मागे जोडा आणि खिडकीजवळ ठेवा. खरखर कमी होईल.”

आम्ही धावतच घरी आलो. भाईजानने कळ सरकवली. मी चौकट जोडून खिडकीत ठेवली. भाईजान आकडे पुढे नेऊ लागला. ९४५, ९५४, ९६३! ओळखीचा आवाज खोलीत घुमला. दादाजान आतल्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर आले. “जळगाव!” ते म्हणाले.

पण माझे समाधान झाले नाही. उद्या आम्ही शाळेत गेल्यावर दादाजान हे केंद्र कसे लावतील? यंत्राला खाच पाडण्याजोगे चाक नव्हते. सगळी बटणे गुळगुळीत आणि सारखी होती. पडदा त्यांना दिसणार नव्हता.

यंत्रात केंद्र साठवून ठेवण्याची सोय होती. भाईजानने पहिल्या बटणावर जळगाव केंद्र साठवले, दुसऱ्यावर धुळे केंद्र. मी अम्मीकडून ज्वारीचे दाणे मागून आणले. पहिल्या बटणावर एक दाणा डिंकाने चिकटवला. दुसऱ्यावर दोन दाणे चिकटवले. पट्टा बदलण्याच्या बटणावर तुरीचा दाणा लावला आणि यंत्र चालू करण्याच्या बटणावर हरभऱ्याचा. डिंक वाळल्यावर मी दादाजानचा हात धरून त्यांना एकेक दाणा दाखवला.

“हरभरा म्हणजे चालू. तूर म्हणजे पट्टा. एक ज्वारी जळगाव. दोन ज्वारी धुळे.”

दादाजाननी बोटे फिरवली. एकदा चुकले. दुसऱ्यांदा बरोबर लागले. ते म्हणाले, “चला, यंत्राला धान्य चाखायला मिळाले!”

मग मी एक वही घेतली. तीन रकाने आखले. पहिला कार्यक्रमाचा प्रकार, दुसरा वेळ, तिसरा केंद्राचा. दादाजान सांगत गेले आणि मी लिहीत गेले. हवामान, बाजारभाव, शेती, बातम्या, अहिराणी गाणी, कव्वाली, नाटक, मुलांचे कार्यक्रम. ‘विविध भारती’चे रात्री दहाचे ‘छायागीत’ही लिहिले. किती प्रकार झाले, म्हणून मी मोजले. एकवीस झाले. हे सगळे त्यांनी इतकी वर्षे डोक्यात ठेवले होते.

“बेटी, तुला ही वही कशाला?” त्यांनी विचारले. “मला तर सगळे पाठ आहे.”

“तुम्हांला पाठ आहे, पण आम्हांला नाही,” मी म्हणाले. “तुम्ही आजारी पडलात, तर अंदाज कोण ऐकणार? चाचांना फोन कोण करणार?”

दादाजाननी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते काही बोलले नाहीत.

ती वही स्टिरिओजवळ खिळ्याला टांगली. कार्यक्रमाची वेळ बदलली की दादाजान सांगत आणि मी वहीत दुरुस्ती करत असे. पुढे पंधरा-वीस दिवसांनी रेडिओवर पावसाचा अंदाज आला. त्या दिवशी दादाजान मशिदीत गेले होते. मी वहीत वेळ पाहिली, एक ज्वारीचे बटण दाबले आणि अंदाज ऐकला. अब्बांनी गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी पाऊस चांगलाच झाला. पण चाचांचा कापूस घरात होता.

ट्रान्झिस्टरही दुरुस्त होऊन आला. दादाजाननी तो पुन्हा उशीजवळ ठेवला. स्टिरिओ मात्र ते दुपारी, मोठ्या आवाजात अहिराणी गाणी ऐकायला लावत.

आता दादाजान नाहीत. आज मोबाइलवर जगभरची केंद्रे ऐकता येतात. नव्या मोटारींत काही एफ.एम. केंद्रांची नावे पडद्यावर उमटतात. प्रकार निवडला की गाण्यांची यादी समोर येते. हे पाहिले की मला काकांच्या समोरचे ते किराणा दुकान आठवते. यादी समोर आली की मी आजही विचार करते, ही चिठ्ठी कोणी लावली असेल? आणि चिठ्ठी न लावलेल्या डब्यात काय राहून गेले असेल?

ती वही माझ्याजवळ आहे. तिच्यातील बऱ्याच वेळा आता जुन्या झाल्या आहेत. पहिल्या पानावर डिंकाचा एक डाग आहे आणि त्याला चिकटलेला ज्वारीचा एक दाणा.

शब्दार्थ

काचबिंदू – डोळ्यांचा एक आजार, काला मोतिया
कसणे – शेतात पीक काढणे, काश्त करणे
खाच – बारीक खोलगट खूण
प्रसारण – रेडिओवरून कार्यक्रम पाठवणे, नशर करणे
श्रोता – ऐकणारा, सामे
वेचणी – झाडावरील कापूस काढून घेण्याचे काम
अवकाळी – भलत्या वेळी येणारा, बेमौसम
खूण – निशाणी
लहर – मौज, लाट
कंपन – थरथरणे, लरजिश
चाचपणे – हाताने स्पर्श करत शोधणे, टटोलणे
रकाना – वहीतील उभा भाग, खाना

वाक्प्रचार

तोंडपाठ असणे – न पाहता सांगता येणे
वेळ टळून जाणे – ठरलेली वेळ निघून जाणे
सरसावून बसणे – उत्सुकतेने तयार होऊन बसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) दादाजान जळगाव केंद्र कसे ओळखत असत?
(२) वेचणीच्या हंगामात दादाजान कोणता कार्यक्रम चुकवत नसत?
(३) आकाशवाणीचे जळगाव केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(४) खोक्यातील तारेची चौकट कशासाठी होती?
(५) वहीत किती प्रकारचे कार्यक्रम लिहिले गेले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) चाचांचा कापूस का भिजला?
(२) लोकगीत चालू असूनही यंत्राला ते का सापडले नाही?
(३) काकांनी किराणा दुकानाचे उदाहरण देऊन काय समजावले?
(४) मुलीने बटणांवर दाणे का लावले?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) “आठ दिवस लागतील.”
(२) “मग हवामान लाव बेटा.”
(३) “मग हे बटण खोटे आहे का?”
(४) “तुम्हांला पाठ आहे, पण आम्हांला नाही.”

प्र. ४. योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट : हरभऱ्याचा दाणा, तुरीचा दाणा, ज्वारीचा एक दाणा, ज्वारीचे दोन दाणे
‘ब’ गट : धुळे केंद्र, पट्टा बदलणे, जळगाव केंद्र, यंत्र चालू करणे

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उंच, रिकामा, पेटलेला, आठवण, गुळगुळीत

प्र. ६. ‘अंदाज’, ‘हंगाम’, ‘बाजार’, ‘जमीन’, ‘आवाज’ हे शब्द मराठीत आहेत, तसे उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्र. ७. पुढील वाक्ये भूतकाळात लिहा.
(१) दादाजान रेडिओ ऐकतात.
(२) चाचा कापूस घरात घेतील.
(३) मी वहीत वेळ लिहिते.

उपक्रम : तुमच्या घरातील वडील माणसांना विचारा, ते पूर्वी रेडिओवर कोणते कार्यक्रम ऐकत आणि किती वाजता ऐकत. प्रकार, वेळ व केंद्र असे तीन रकाने आखून यादी तयार करा. तुमच्या यादीतील कोणता प्रकार काकांनी सांगितलेल्या आकड्यांत बसत नाही, ते वर्गात सांगा.